डाव्या हातातली गुरगुर

१ ऑक्टोबर

पोचलो एकदाच्या! मन्सूराहून निघाल्यापासून चौदा तास, त्यातले शेवटचे दोन मिनीबसमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला चिकटून. पण खोल्या बघितल्या आणि सगळा शीण गेला. डायलिसिस केंद्राच्या बरोबर वर दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणी, आणि गच्चीतून कालवा आणि त्यापलीकडे ऊस दिसतो. हनीनने आल्या आल्या गच्ची आपल्या नावावर करून टाकली. वय वर्षं आठ, पण ताबा घ्यायची तऱ्हा थेट तिच्या आजीची.

केंद्र छोटंसं आहे. सहा खुर्च्या, सहा यंत्रं, गावातल्या धर्मादाय मंडळाने चालवलेलं. डॉक्टर विसाम आठवड्यातून दोनदा येतात, बाकी सगळा कारभार माझा. आधीच्या परिचारिकेने काम का सोडलं ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बारा वर्षं मी सुया टोचतेय आणि माझ्या सुईला अजून कोणी हाय म्हटलेलं नाही. हनीनचा बाप कुवेतला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून मला ती आणि तिला मी. इथे शाळा पलीकडच्या गल्लीत आहे, पोर दिवसभर माझ्या नजरेसमोर राहील.

४ ऑक्टोबर

पहिली पाळी सकाळी सहाला. इथले लोक एकमेकांना आधी सलाम करत नाहीत, आधी विचारतात, मांजर जागं आहे का?

मांजर म्हणजे हातातला जोड. शस्त्रक्रिया करून हाताची धमनी बाजूच्या शिरेला जोडून टाकतात. तिथे बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. गुरगुर आहे तोवर रक्त जोरात वाहतंय, सुई लावता येईल, यंत्र चालेल. गुरगुर थांबली की संपलं. म्हणून डोळे उघडले की सगळ्यांचा पहिला हात तिथे जातो. दोन नंबरच्या खुर्चीवरचे अम्म बुशरा, म्हणजे बुशराकाका, निवृत्त पोस्टमन आहेत. मला म्हणाले, मिस, बायको गेल्यापासून माझ्यावर गुरगुरणारं हे एकच उरलंय, नीट सांभाळा.

सहा नंबरच्या उम्म शेहाता, म्हणजे शेहाताची आई, काट्यावर अडीच किलो जास्त भरल्या. पाणी प्यायलात ना, म्हटलं. छे, म्हणे शाल जड आहे. शाल काढायला लावली तर घडीतून खारवलेल्या चीजचा डबा पडला. सगळी खोली हसली. त्याही हसल्या आणि मला म्हणाल्या, अगं इनशिराह, सत्तरीच्या बाईची झडती घेतेस, कस्टममध्ये होतीस का आधी? एकटी चार नंबरची सुहैर हसली नाही. पन्नाशीची बाई, गप्प. तिच्या हातातला जोड मात्र मी आजवर पाहिलेला सर्वांत सुरेख.

दुपारी हनीनचा विज्ञानाचा अभ्यास घेतला. रक्तवाहिन्यांची आकृती काढायची होती. तिला सांगितलं, धमनीची भिंत जाड, लवचीक, कारण हृदयाचा प्रत्येक धक्का तिला सोसायचा असतो. शीर पातळ, तिच्यात झडपा, रक्त मागे फिरू नये म्हणून. आणि दोघींच्या मध्ये केशवाहिन्यांची जाळी, इतकी बारीक की रक्ताच्या पेशीला रांगेतच जावं लागतं. बोटांना ऊब द्यायची, अन्न द्यायचं, ते तिथेच. धमनी उडते, शीर कधी उडत नाही, हे पाठ कर म्हटलं. तर म्हणते, मग उम्म शेहाताची का उडते? पोरीला सगळं दिसतं. सांगितलं, आपण मधली जाळी वगळून आडवाटेने जोडलं ना, धमनीचा जोर थेट शिरेत शिरतो. मग बिचारी शीर जाड व्हायला लागते. सहा आठवड्यांत हात पिकतो, मग सुई लावायची. तिने विचारलं, आणि बोटांचं रक्त? म्हटलं, कधी कधी बोटं गार पडतात. तिने आकृतीतली बोटं निळी रंगवली.

९ ऑक्टोबर

उम्म शेहाता गेल्या. तिसरा तास चालू होता. मला सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या, वाक्य अर्धं राहिलं. डॉक्टर होते आज. आम्ही पाळीपाळीने चाळीस मिनिटं छाती दाबली. सव्वानऊला डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि कागद लिहायला गेले.

मी सुया काढत होते तेव्हा सुहैर पहिल्यांदा बोलली. आज सुई कोणी लावली? मी, म्हटलं. मग तिच्या जोडावर तळवा ठेव, आत शांत होईपर्यंत उचलू नको, मग सुखरूप पोचलीस असं म्हण. अम्म बुशराही म्हणाले, ठेवा मिस, इथे असंच करतात. मला असल्या गोष्टींचा राग येतो, पण सगळ्यांचे चेहरे बघून तळवा ठेवला.

आत गुरगुर होती. छाती दाबणं सोडून दहा मिनिटं झाली होती. मागे धक्का देणारं कोणी नसताना रक्त गुरगुरणार कसं? खुर्चीला बाजूच्या यंत्राची थरथर लागत असेल असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात अम्म बुशरांचं यंत्र ओरडायला लागलं. नळीत हवेचा बुडबुडा. तो शरीरात गेला तर माणूस जातो. मी हात उचलला आणि धावले.

परत वळून बघितलं तर सुहैरने तोंड झाकून घेतलं होतं. अम्म बुशरा रडत होते, माझ्यापायी उचललात मिस, माझ्यापायी. मला काही समजेना. मी एका माणसाचा जीव वाचवला होता.

१२ ऑक्टोबर

उम्म शेहातांच्या घरी भेटून आले. सुनेने काळी कॉफी दिली आणि माझा डावा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ बघत राहिली. केंद्रात आता कोणी मांजराचं विचारत नाही, निदान माझ्यासमोर तरी. सुई काढताना सुहैर हळूच म्हणाली, तुला मुलगी आहे ना? म्हटलं, हो.

१७ ऑक्टोबर

दुपारी तांदूळ धूत होते. डाव्या कोपराच्या आत खाज आली म्हणून बोट ठेवलं.

आत गुरगुर आहे.

स्टेथोस्कोप लावला. घूं, घूं, घूं, मधे खंड नाही. हा आवाज मी बारा वर्षं ऐकतेय, माझी चूक होणं शक्य नाही. तरी पाच वेळा लावून बघितला. निरोगी माणसाची शीर गप्प असते.

२२ ऑक्टोबर

डॉक्टर विसामनी सोनोग्राफी केली. पडद्यावर तीच जागा तीनदा बघितली. मग विचारलं, शस्त्रक्रिया कुठे करून घेतलीस? म्हटलं, कुठेच नाही. कातडीवर एक ओरखडा नाही, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणाले, धमनी शिरेला जोडली आहे, इतकं सफाईचं काम मी अस्यूतच्या मोठ्या रुग्णालयातही पाहिलेलं नाही. मग मला सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली आणि माझी नजर चुकवून चहा मागवला. तो प्यायले नाहीत.

डाव्या हाताची बोटं गार आहेत. चमचा धरवत नाही. हनीनला सांगितलं, थंडीमुळे. बाहेर लोक अजून गंज्यांवर फिरताहेत.

२९ ऑक्टोबर

शीर जाड झाली आहे, कातडीवर उठून दिसते. रोज मोजते. रुग्णांची मोजतो तशीच, त्याच पट्टीने. अगदी पुस्तकात असतं तशी पिकते आहे. कोणासाठी?

अस्यूतला जायचं ठरवलं होतं. जोड बांधून टाकायचा, अर्ध्या तासाचं काम. आज सुहैरने कोपराखाली कायम गुंडाळलेली पट्टी सोडली. मनगटाच्या वर एक व्रण, कोपराखाली दुसरा. दोनदा बांधून घेतला म्हणाली. दर वेळी तो वर सरकून उघडला. आता दंडात आहे. पुढचा खांद्यात उघडेल, आणि त्याच्या पुढे काय असतं ते तुला माहीत आहे, मिस.

बोलणं रुग्णाचं नव्हतं. असं फक्त एखादी परिचारिकाच बोलते. मी कपाटातून तिची फाईल काढली. तिची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. पाच वर्षांचे अहवाल, सगळे ठणठणीत. कामाच्या जुन्या नोंदवहीत तिचं नाव आहे. माझ्या आधीची परिचारिका तीच.

३० ऑक्टोबर

सुहैरला गच्चीत बसवून सगळं विचारलं. तिने साध्या आवाजात सांगितलं, रुग्णाला पथ्य सांगावं तसं.

ज्याचा हात अर्धवट उचलला जातो त्याच्याकडे मेलेल्याच्या जोडातलं ते मांजर येतं. सहा आठवडे पिकतं. पिकायला लागलं की त्याला एका शरीरात भागत नाही. त्याला बाहेर पडायचं असतं, दुसरीकडून फिरून परत यायचं असतं. आठवड्यातून तीनदा मी त्याला यंत्र देते, म्हणाली. उरलेला वेळ ते जवळचं माणूस शोधतं, म्हणून मी एकटी राहते.

मी विचारलं, जवळचं म्हणजे खोलीतलं? ती म्हणाली, नाही गं. रक्ताचं.

मला भीती वाटते आहे. इथे लिहून ठेवते कारण बोलायला कोणी नाही. मला फार भीती वाटते आहे.

३ नोव्हेंबर

माझी बोटं आज ऊबदार आहेत. इतकी बरी वाटली की सकाळी हसले.

दुपारी हनीन शाळेतून आली. पेन्सिल धरता येत नाही म्हणाली. तिची बोटं हातात घेतली. बर्फ.

४ नोव्हेंबर

तिला ओळखीच्या एका कुटुंबासोबत मन्सूराला धाडलं. माझी बहीण इब्तिसाम स्टेशनवर घ्यायला येईल. गाडी सुटेपर्यंत पोर रडत होती, मी काय केलं म्हणून पाठवतेस? तिला काय सांगणार? सातशे किलोमीटर. एवढं पुरेल. पुरायलाच हवं.

९ नोव्हेंबर

इब्तिसामचा फोन. चिडली होती. म्हणे, मुलीला जीवनसत्त्वं तरी देतेस का, नखं निळी पडलीत, बुटाची नाडी बांधता येत नाही. आणि दिवसभर दंडाला कान लावून बसते. विचारलं तर सांगते, आईचं मांजर इकडे आलंय.

खाली जाऊन स्वतःसाठी दोन सुया बाजूला काढल्या.

११ नोव्हेंबर

आज स्वतःच सुया लावल्या आणि सहा नंबरच्या खुर्चीत बसले. चार तास. अम्म बुशरांनी यंत्र सांभाळलं, एक विनोद केला नाही. चालू असताना फोन केला — हनीनची बोटं गरम. यंत्र बंद केलं — गार. डॉक्टर म्हणाले, धडधाकट बाईला मी रोज खुर्ची देऊ शकत नाही, सहा यंत्रांवर अकरा माणसं आहेत. त्यांचंही खरं आहे. आणि रोज चार तास दिले तरी वीस तास उरतात.

वीस तास ते तिच्यातून फिरतं.

१५ नोव्हेंबर

सुहैरच्या पाया पडले. काही तरी वाट असेल म्हटलं. आहे, म्हणाली. इतके दिवस सांगितली नाही कारण ऐकून तू मला हाकललं असतंस.

ते ज्याच्याकडे जायला निघतं, त्याच्याच तळव्याखाली थांबतं. त्या दिवशी तो तळवा तुझा होता. आता हनीनचा. तिने हात ठेवायचा, आत शांत होईपर्यंत. संपूर्ण शांत. अर्धवट उचलला तर —

सुहैरची बहीण होती. धाकटी. तिने ठेवला होता. निम्म्यात सुहैरलाच कापरं भरलं, मरणाचं, आणि तिने बहिणीचा हात झटकला. बहिणीत पिकायला सहा आठवडे लागले नाहीत, म्हणाली. वाट आधीच तयार होती. तीन दिवसांत गेली. तिच्या जोडावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून ते परत माझ्याकडे, म्हणाली.

मी विचारलं, शांत झाल्यावर माझं काय?

तिने माझी बाही हलकेच खाली ओढली.

१७ नोव्हेंबर

हनीन आली. इब्तिसाम दारात सोडून भांडून गेली. बरं झालं. पोर वाळली आहे. ओठ —

तिच्या दंडाला हात लावला. अजून बारीक आहे. मांजराचं पिल्लू. मी न्हाणीत जाऊन टॉवेल तोंडात धरून रडले.

१९ नोव्हेंबर

तिच्याकडून सराव करून घेतला. खेळ म्हणून. तळवा ठेवायचा, उचलायचा नाही, मी काही म्हटलं तरी, मी झोपले तरी. कधी उचलायचा? — मांजर झोपलं की. किती वेळ थांबायचं? — झोपेपर्यंत. मग काय म्हणायचं? — सुखरूप पोचलीस. शहाणी पोर ती.

इब्तिसाम अजून स्टेशनजवळच्या लॉजवर आहे, तिला चिठ्ठी पाठवलीय. उद्या दुपारी ये, हनीनला घेऊन जा, तिला शिकव. बाकी काही लिहिलं नाही.

मला मरायचं नाही. हे कुठे तरी लिहायला हवं होतं.

२० नोव्हेंबर, सकाळी दहा

उद्यापर्यंत थांबता येणार नाही. आज सहा आठवडे, पूर्ण पिकलं.

डावा हात टेबलावर, हनीनचा तळवा त्यावर. उजव्या हातात पेन. सुहैरने बजावलंय, उजवा हात गुंतवून ठेव, नाहीतर तूच तिचा हात ढकलशील. ती खाली बसली आहे. यंत्राला न लावलेला जोड घेऊन खोलीत थांबायचं नसतं, मांजराला आयती वाट मिळते. तेव्हा आम्ही दोघीच.

गुरगुर जोरात. तळव्याखाली उड्या मारतंय. हनीन म्हणते, रागावलंय. मी म्हटलं, रागावू दे.

दहा वाजून वीस

उतरतंय. घूं — घूं — मधे फट. पाय गार. हनीन शाळेतलं गाणं म्हणतेय, मला बरं वाटावं म्हणून. उजवा हात तिच्या हाताकडे जायला बघतो. पेन घट्ट धरलंय. नाही ढकलणार. नाही

दहा पस्तीस

आवाज बसला. बोलायला गेले, नुसता वारा. बारीक झालंय, अगदी बारीक. पण आहे. मला आतून कळतंय. अजून थोडं. माझी सोनुली, अजून थोडं

ती म्हणते, आई, झोपलं.

नाही झोपलेलं. तिची बोटं. गार बोटांना लागत नाहीये. हे माझ्या लक्षात कसं नाही —

मान हलवते. ती माझ्याकडे बघत नाही, दाराकडे बघते. म्हणते, झोपलं ना, आता सांगू का ते? ओरडता येत नाही. वही तिच्याकडे सरकवते. मोठ्या अक्षरात. हनीन वाच

आहे अजून

हनीन हात उच